‘की’चा थांबा

एप्रिल महिन्यात, सोलापुरात, अंगावर तीन चादरी घेऊन पडलेला माणूस कधी बघितलाय का? मी बघितलाय. तो माझा बाप होता आणि त्या चादरी मीच घातल्या होत्या.

आप्पांना झटका आला त्या सकाळी मी पुण्यात ऑफिसात होते. दुपारी सोलापूरच्या दवाखान्यात पोचले तोवर जे जायचं ते गेलं होतं. जीभ गेली, दोन्ही पाय गेले, उजवा हात गेला. डाव्या हाताचं अंगठ्याजवळचं बोट तेवढं हलत होतं. डॉक्टर म्हणाले, ऐकू येतंय, समजतही असावं, पण खात्री देता येत नाही. मग तिथल्या सिस्टरनी एक युक्ती सांगितली. ‘हो’ म्हणायचं असेल तर बोट एकदा आपटायचं, ‘नाही’ असेल तर दोनदा. खाटेचा कठडा लोखंडी, आप्पांच्या त्याच बोटात चांदीची अंगठी. टक्‌ असा छान आवाज यायचा.

“आप्पा, चादर घालू?” टक्‌. घातली. आप्पांचा चेहरा लालबुंद. म्हटलं, थंडी वाजत असेल. “अजून एक घालू?” टक्‌. घातली. “पाणी देऊ चमच्यानं?” टक्‌-टक्‌. म्हणजे नको. दोन दिवस हा असा खेळ चालला. माणसाचे ओठ वाळून कोळ झाले, कपाळावरून घाम गळतोय, आणि मी आपली तिसरी चादर पायाखाली नीट खोचतेय. डॉक्टरांनी कागदावर लिहिलं की उत्तरं विसंगत आहेत, समज कितपत शिल्लक आहे सांगता येत नाही. मी बाहेरच्या बाकड्यावर बसून ओक्साबोक्शी रडले.

आईचं बीपी वाढलेलं म्हणून तिला मी दोन दिवस घरीच थांबवलं होतं. तिसऱ्या दिवशी ती ऐकेचना, रिक्षा करून आली. खाटेपाशी उभी राहिली. मी तिला दाखवायला म्हणून विचारलं, “आप्पा, पाणी?” टक्‌-टक्‌. “बघ,” मी म्हटलं, “पाणीसुद्धा नको म्हणतात.”

आई माझ्याकडे अशी बघायला लागली, जसं काही मी काहीतरी सांडलंय.

“अगं येडे! डबल बेल देतायत ते!”

आप्पा एकतीस वर्षं लाल गाडीवर कंडक्टर होते. त्यातली बरीच वर्षं मंद्रूपच्या बाजूला. गाडीच्या छताला ती दोरी असते ना, कंडक्टरनं एकदा ओढली की ड्रायव्हर थांबतो, दोनदा ओढली की निघतो. सिंगल म्हणजे थांब. डबल म्हणजे चल, जाऊ दे, सगळं ठीक. एकतीस वर्षं हे ज्याच्या बोटात मुरलंय त्याला अर्धवट शुद्धीत कुणी येऊन सांगितलं की एक म्हणजे हो आणि दोन म्हणजे नाही, तर त्याचं बोट ऐकणार आहे थोडंच? चादर घालू का? थांब. अजून एक घालू? अगं थांब म्हणतोय ना! पाणी देऊ? चल, दे, दे लवकर.

“आप्पा, पाणी पाहिजे का?” टक्‌-टक्‌. दिलं. “चादरी काढू?” टक्‌-टक्‌, टक्‌-टक्‌, टक्‌-टक्‌. आई हसत पण होती आणि डोळे पण पुसत होती. मी मात्र डॉक्टरांचा तो कागद घेऊन तडक त्यांच्या खोलीत गेले आणि म्हटलं, हे खोडा. माझ्या वडिलांना सगळं समजतंय, आपल्यालाच समजत नव्हतं. आणि तिथंच ठरवून टाकलं की या माणसाच्या वतीनं दुसरं कुणी बोलणार नाही, आईसुद्धा नाही आणि मी तर नाहीच नाही. जे बोलायचं ते तेच बोलतील, त्यांच्या शब्दांत. काय लागेल ते लागेल.

आता माझ्याबद्दल सांगायला पाहिजे, कारण घोडं पुढं माझ्यामुळेच अडलं.

माझी एक खोड आहे. समोरच्याचं वाक्य मी पूर्ण करते. तो ‘मला असं वाटतं की’ म्हणतो तोवर काय वाटतं ते मी सांगून मोकळी. आई म्हणते, तोंडातला घास काढून घ्यावा तसा तू तोंडातला शब्द काढून घेतीस. आणि नोकरीही नेमकी तशीच मिळाली. मी कंपायलरवर काम करते. माणूस संगणकाला जे लिहून देतो ते यंत्राच्या भाषेत नेणारा हा दुभाषा. पण नुसतं भाषांतर करून तो गप्प बसत नाही, वाटेत काटछाट करतो. दोनदा केलेला हिशोब एकदाच करतो, जिचा कुणाला उपयोग नाही ती ओळ उडवतो, पुढचं मागं आणि मागचं पुढं करतो. पगार मला या काटछाटीचा मिळतो. नियम एकच: आत काहीही करा, बाहेरून बघणाऱ्याला फरक कळता कामा नये. फरक कळला तर ती काटछाट चूक, मग ती कितीही हुशारीची असो.

एका दिवाळीत हे मी आप्पांना समजावून सांगितलं होतं. शेंगदाण्याची चटणी भाकरीला लावत त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, “म्हंजे गाडी बायपासनं न्हे, न्हायतर गावातनं न्हे. पर फाट्यावर कोन हुबं असलं तर ते ऱ्हायलं न्हाय पायजे.”

“अगदी बरोबर!” मी म्हटलं. “आणि समजा त्या थांब्यावर कधीच कुणी नसतं. मग थांबा उडवला तर?”

“उडवू ने. हळू करून बघाय पायजे की. येकांद्या दिवशी असतंय की कोनतरी.”

मी हसले होते. मनात म्हटलं, कंडक्टरचं डोकं.

त्याच्या आधीचं एक सांगते. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला माझा प्रोजेक्ट होता, इंग्रजी शब्दांची एन्ट्रॉपी काढायचा. नाव मोठं आहे, गोष्ट साधी. एक इंग्रजी वाक्य झाकून ठेवायचं, समोरच्याला एकेक अक्षर ओळखायला लावायचं आणि कितव्या प्रयत्नात ओळखलं ते मोजायचं. पहिल्या झटक्यात आलं तर त्या अक्षरात नवीन काही नव्हतं. पंधरा वेळा चुकून आलं तर त्यात भरपूर होतं. जे आधीच ओळखता येतं त्यात बातमी नसते, एवढंच. मैत्रिणींना बसवलं, सरांना बसवलं, माणसं कमी पडली तेव्हा आप्पांना बसवलं. आप्पांचं इंग्रजी गाडीपुरतं. पहिलं अक्षर ई निघालं. “पुढं काय, आप्पा?” “एम.” नाही. दुसऱ्या शब्दात परत ई. “एम.” अहो नाही, दुसरं काहीतरी सांगा! “माज्या गाडीत ईच्या फुडं एमच असतोय,” म्हणाले. बरोबरच होतं. गाडीच्या मागच्या दारावर रोज इमर्जन्सी एक्झिट वाचणाऱ्या माणसाला ईच्या पुढं दुसरं काय दिसणार? एन आला की मात्र ओ पहिल्या दमात. नो स्मोकिंग.

त्यांचे आकडे मी वहीत घेतलेच नाहीत. म्हटलं, यांच्यामुळे माझी सरासरी बिघडेल. इंग्रजी मोजायची होती, आप्पा नव्हते मोजायचे.

आणि मग पुण्याची नोकरी लागली. आप्पांचं म्हणणं, इथंच बँकेची परीक्षा दे, दोन-तीन वर्षं घासलीस तर लागशील, डोळ्यासमोर राहशील. महिनाभर घरात धुसफूस. मी त्यांचीच मुलगी, एकानं गाय म्हटलं की दुसऱ्यानं वासरू म्हणायचं हे आमच्या रक्तात नाही. निघायच्या सकाळी बॅग घेऊन दारात उभी राहिले. आप्पा आरशासमोर दाढी करत होते, पाठ माझ्याकडे. म्हटलं, “आप्पा, जाऊ का?”

“जा.”

बस्स. मागं वळून बघितलंसुद्धा नाही. माझ्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या! मी बॅग उचलली आणि दाणदाण जिना उतरले. नऊ वर्षं झाली त्याला. मधे सगळं सुरळीत झालं, फोन झाले, दिवाळ्या झाल्या, ती बायपासची चर्चासुद्धा झाली. पण तो ‘जा’ काही गेला नाही. ऑफिसात कधी कौतुक झालं तरी मनात यायचं, बापानं नुसतं ‘जा’ म्हणून घालवलेली पोरगी आहे मी.

तर आप्पा घरी आले. मी रजा टाकली, ती संपल्यावर घरातून काम करायची परवानगी काढली. सकाळी ऑफिसचं काम, दुपारी आप्पांचं.

आधी साधं केलं. मी मुळाक्षरं म्हणायची, हवं ते आलं की आप्पांनी सिंगल द्यायची. पहिलं वाक्य निघालं ‘फॅन वाडव’. फ यायला बाविसावं व्यंजन उजाडतं. एवढ्याशा दोन शब्दांना इतका वेळ लागला की तोवर लाईटच गेली. म्हटलं, छ्या! असं नाही चालायचं. आणि मग मला तो प्रोजेक्ट आठवला. हा तोच खेळ होता की! फक्त आता उलटा. झाकलेलं वाक्य आप्पांच्या डोक्यात, आणि ओळखायचं आम्ही. जितकं चांगलं ओळखू तितक्या बेल कमी.

मी लॅपटॉपवर प्रोग्राम लिहिला. बोटाखाली एक बटण दिलं. त्यांच्या जुन्या ड्रायव्हरनी, ज्यांना मी लहानपणापासून ड्रायव्हरकाका म्हणते, त्यांनी डेपोत जाऊन खऱ्या घंटीचा आवाज फोनवर भरून आणला, तो त्या बटणाला लावला. पहिल्यांदा ती घंटी घरात वाजली तेव्हा आप्पांचे डोळे असे चमकले! लॅपटॉप अक्षरं बोलायचा, ज्यांची शक्यता जास्त ती आधी. सिंगल दिली की ते अक्षर पक्कं. मग तो सबंध शब्द ओळखून दाखवायचा. बरोबर असेल तर डबल, चूक असेल तर सिंगल. वाक्य संपलं की यंत्र ते मोठ्यानं वाचून दाखवायचं.

पण शक्यता आणायच्या कुठून? इंग्रजीचे तक्ते ढिगानं मिळतात. मराठीचं जे तयार मिळालं ते वर्तमानपत्रातलं. आप्पा ‘न्हाय’ लिहायला जायचे, यंत्र ‘नाही’ करायचं. ‘हाय’ला ‘आहे’. ‘ह’ दिला की ‘हस्ते’ म्हणायचं, म्हणजे कुणाच्या तरी हस्ते उद्घाटन. आप्पा सिंगलवर सिंगल, सिंगलवर सिंगल. शेवटी त्यांनी अर्धी दुपार घालवून एक वाक्य नेटानं पुरं केलं: ‘मी काय पेपर हाय का’.

मला हसू आलं आणि लाजही वाटली. खरंच होतं ते. भाषा कुठं हवेत असते? ती कुणाच्या तरी तोंडात असते. ईच्या पुढं एम म्हणणारा माणूस वहीतून वगळून मी कुठल्या इंग्रजीचं मोजमाप केलं होतं देव जाणे.

मग मी हट्टाला पेटले. वर्तमानपत्र काढून टाकलं आणि ठरवलं, आप्पांची भाषा गोळा करायची. आईला बसवलं, ड्रायव्हरकाकांना बसवलं, म्हटलं, आप्पा काय-काय बोलायचे ते जसंच्या तसं सांगा, शुद्ध करू नका. काका तर रोज यायला लागले. चहा घेत आप्पांची अशी नक्कल करायचे की खाटेवर आप्पांचं पोट हलायचं. “सरका की फुडं. आत जागा हाय की. उतरा की, बाय, उतरा की लवकर, गाडी काय तुमच्या दारात न्हेऊ व्हय?” वह्याच्या वह्या भरल्या. काका आप्पांना मास्तर म्हणतात. एकदा म्हणाले, “बेटी, मास्तर के हर बात में ‘की’ रहता. ‘की’ नै बोले तो समजनेका, मास्तर गुस्से में हैं.” हे वाक्य मी लिहून घेतलं नाही. ते आप्पांचं नव्हतं ना, काकांचं होतं.

या नव्या साठ्यावर प्रोग्राम सुरू झाला आणि कमाल झाली. ‘लई उकडतंय’ सात बेलमध्ये. ‘पाट खाजीव’ सहामध्ये. ‘काकाला च्या दे’ पाचमध्ये. शेजारपाजारचे बघायला यायचे. मी रोज मोजायची, रोज एखादी बेल वाचवायची. आणि मोजता मोजता माझ्या लक्षात आलं, वाक्याच्या शेवटी हा ‘की’ जवळजवळ ठरलेलाच. करतो की, हाय की, दे की. डोळे मिटून ओळखता येतो. जे डोळे मिटून ओळखता येतं त्यात बातमी कसली? आणि त्याच्यापायी आप्पांचं ते एकुलतं एक बोट दर वाक्याला तीन-चार वेळा झिजतंय. कुणी उभं नसलेला थांबा आहे हा, उडव. मी उडवला. यंत्र ‘की’ सुचवेनासं झालं, आणि आप्पांनी चुकून लिहिलाच तर वाचून दाखवताना गाळायला लागलं. अर्थ तर तोच राहतो ना? मला स्वतःचं भारी कौतुक वाटलं.

आईला नाही वाटलं. दोन दिवसांनी भाजी निवडता निवडता म्हणाली, “कसंतरीच वाटतंय गं. हे आता साहेबासारखं बोलायला लागलेत.”

“म्हणजे कसं?”

“म्हणजे ‘पाणी दे’. ‘फॅन लाव’. सारखं रागावल्यासारखं. माझं काही चुकलं का?”

“आई, त्यांचं बोट एक आहे. एका बोटानं बोलणारा माणूस गोड-गोड बोलत बसेल का?”

“मी कुठं गोड म्हणतीय, मी...”

“तू म्हणतीयेस की ते बदललेत. आजारी माणूस बदलतो, आई.” तिचं वाक्यही मीच पुरं केलं, नेहमीप्रमाणे. ती परत भाजी निवडायला लागली.

त्याच आठवड्यात ऑफिसचा फोन आला. सोमवारपासून पुण्यात हजर व्हा, आता घरून चालणार नाही. नाही जमलं तर आम्हाला दुसरं माणूस बघावं लागेल. मी राजीनामा लिहून ठेवला, पाठवला नाही. मला ती नोकरी प्यारी आहे, खोटं कशाला बोलू? तिच्यासाठी मी बापाशी वाकडं घेतलं होतं. आई म्हणत होती, तू जा, मी आहे, काका रोज येतात, सकाळ-संध्याकाळ उचल-ठेव करायला माणूस लावलाय, शुक्रवारी येत जा. पण मी ठरवलं होतं ना, आप्पांच्या वतीनं कुणी बोलायचं नाही. मग हे त्यांनीच सांगायला पाहिजे होतं. थांब म्हणाले तर थांबणार, जा म्हणाले तर जाणार, पण त्यांच्या तोंडून.

शनिवारी दुपारी जेवणं झाल्यावर खिडकीला ओली चादर लावली, खाटेजवळ बसले, सगळं नीट समजावून सांगितलं. पगार, सोमवार, शुक्रवार, सगळं. मग विचारलं, “आप्पा, मी जाऊ का?”

तोंडातून शब्द गेल्यावर कळलं की नऊ वर्षांपूर्वीचेच शब्द आहेत.

घंटी वाजायला लागली. मी पडद्याकडे बघायचं टाळलं, अक्षरांकडे कानही दिला नाही, त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. चेहरा काही सांगत नव्हता, त्याला सांगता येतच नाही. मग वाक्य संपल्याची खूण आली आणि यंत्रानं आपल्या त्या सपाट आवाजात वाचलं:

“जा.”

काय सांगू काय झालं ते. डोक्यात राख घातली मी. “बरं,” म्हटलं, लॅपटॉप फाडकन मिटला आणि स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटायला लागले. नऊ वर्षं! दोन महिने रात्रंदिवस मर-मर मरून ज्या माणसाला बोलतं केलं, तो बोलला काय, तर परत तोच शब्द. पाठ फिरवता येत नव्हती म्हणून, नाहीतर पाठसुद्धा फिरवली असती. पातेलं घासता घासता मी हे सगळं मोठ्यानंच बोलत होते. आई दारात येऊन उभी राहिली.

“झालं बोलून?”

“नाही झालं!”

“नको होऊ दे. पण आधी बाहेर येऊन त्यांचं बोट बघ.”

“काय बघायचंय त्यात?”

“तू यंत्र मिटलंस, घंटी बंद पडली. बोट अजून आपटतंय. एकेक. थांब, थांब, थांब म्हणतायत.” आणि मग माझी आई, जी कधी आवाज चढवत नाही, ती ओरडली, “अति शहाणा त्याचा बैल रिकामा! तुझ्या त्या डबड्यानं काय गिळलं ते बघ जा!”

बाहेर आले. खरंच आप्पांचं बोट बंद बटणावर आपटत होतं, आवाज नाही काही नाही, आणि कपाळावर घाम. मी लॅपटॉप उघडला. प्रत्येक बेलची नोंद प्रोग्राम आत ठेवतो, ती वाचायला घेतली. ज. त्याच्यापुढं काना. मग मोकळी जागा. मग बऱ्याच अक्षरांना जाऊ देऊन, क. मग दुसरी वेलांटी. मग वाक्य संपलं. आणि त्याच्याखाली प्रोग्रामची स्वतःची ओळ, माझ्याच शब्दांत, मीच लिहून ठेवलेली: शेवटचा ‘की’ गाळला.

जा की.

ज्याला ही भाषा येत नाही त्याला मी हा फरक कसा सांगू? ‘जा’ म्हणजे दार लावून घेतलं. ‘जा की’ म्हणजे अगं जा ना, विचारतेस काय, तुला कुणी अडवलंय का, जा माझ्या बाय. सुचवलेला नसताना, एका बोटानं, ओळीनं सगळी अक्षरं जाऊ देत त्यांनी तो क पकडला होता, आणि मी तो हुशारीनं काढून टाकला होता. काका सांगून गेले होते, ‘की’ नसला तर समजायचं मास्तर रागात आहेत. म्हणजे बातमी ‘की’ असण्यात नव्हतीच फारशी, ती नसण्यात होती. तो सरसकट उडवून मी त्यांचं प्रत्येक वाक्य रागाचं केलं होतं. आईनं भाजी निवडताना तेच सांगितलं होतं. बाहेरून बघणाऱ्याला फरक कळला होता, आणि मी त्या बघणारीला गप्प केलं होतं. ऑफिसात कुणी अशी काटछाट माझ्यासमोर आणली असती तर मी त्याला उभा सोलला असता.

ती ओळ मी तिथल्या तिथं काढली. ‘की’ परत शक्यतांच्या यादीत घातला, अगदी वर. मग आप्पांसमोर यंत्राला तेच वाक्य परत वाचायला लावलं.

“जा की.”

डबल बेल. लगेच.

मी त्यांच्या गादीवर डोकं टेकून रडले. मग तशीच, नाक पुसत, जे नऊ वर्षं विचारलं नव्हतं ते विचारलं. “मग तेव्हा नुसतं ‘जा’ का म्हणालात, आप्पा? दाढी करताना?”

घंटी सुरू झाली. त. व. काना. यंत्रानं ओळखलं, ‘तवा उतरव’. आईच्या वहीतलं. सिंगल. चूक. ब. पहिली-दुसरी करत वेलांटी. ‘तवा बी’. मग म. माझ्या तोंडात वाक्य तयार होतं, ‘तवा बी मला राग आलता’, आणि मी तोंड उघडलंही होतं. आईनं माझं मनगट घट्ट धरलं. मी ओठ मिटले. यंत्र चुकत होतं, आप्पा थांबवत होते, परत चालवत होते. बाहेर भंगारवाला ओरडून गेला, परत आला, परत गेला. आम्ही दोघी पडद्याकडे बघत बसलो. वाक्य पुरं झालं तेव्हा ओली चादर वाळून गेली होती.

“तवा बी म्हनलो की. तू जिन्यात हुतीस.”

आई म्हणाली, “हो. म्हणाले होते. मला वाटलं तुला ऐकू गेलं असेल.”

सोमवारी सकाळी बॅग भरली. काका गाडीवरून स्टँडवर सोडायला आले होते, खालून हॉर्न वाजवत होते. बॅग खांद्याला लावून दारात उभी राहिले आणि म्हटलं, “आप्पा, जाऊ का?” घंटी वाजली. ज. मग काना. खालून परत हॉर्न. मी बॅग खाली ठेवली आणि खाटेजवळ जाऊन बसले, पुढचं अक्षर यायचं होतं.